फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीवर येण्याआधी

आम्ही अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये सँडी आणि डेशूट्स या नद्यांवर मासेमारीच्या सहली नेतो, आणि बुकिंग झालं की प्रत्येक ग्राहकाला हे पत्रक पाठवतो. हिवाळ्याच्या शेवटी तारीख आपण ठरवतो, पण त्या दिवशी मासेमारी होणार की नाही हे पाणी ठरवतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी आमचा फोन आला आणि आम्ही म्हणालो, "उद्या सँडी नको, डेशूट्सला जाऊ," किंवा "दोन दिवस थांबू या," तर त्यामागचं कारण तुम्हाला आधीच ठाऊक असावं.

पोर्टलंड, बीव्हर्टन, हिल्सबरोकडची आपली बरीच मंडळी लहानपणी गावच्या नदीवर गळ टाकून बसलेली असतात, त्यामुळे पाण्याची नजर त्यांना असते. फक्त ऋतू उलटा धरायचा. आपल्याकडे नद्या आषाढ-श्रावणात फुगतात, तर ऑरेगॉनच्या या पश्चिम भागात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. त्यातच हवाईच्या बाजूने उबदार, दमट वारे आले की डोंगरावरच्या बर्फावर पाऊस कोसळतो, बर्फही वितळतं आणि नदी एका रात्रीत चढते.

सँडी: उतरत्या पाण्याची वाट

सँडी नदी माउंट हूडच्या हिमनद्यांतून निघते आणि ट्राउटडेल गावाजवळ कोलंबिया नदीला मिळते. तिच्यावरचं मार्मोट धरण 2007 साली पाडलं. तेव्हापासून मुख्य पात्रावर एकही धरण उरलेलं नाही, म्हणून डोंगरावर जे घडतं ते थेट खाली दिसतं. पाऊस झाला की पाणी चढतं आणि चॉकलेटी होतं, थंडी पडली की उतरतं आणि निवळतं.

चढत्या पाण्यात आम्ही कुणालाही नेत नाही. मासा काठाच्या आडोशाला सरकलेला असतो, वरून काटक्या आणि ओंडके वाहत येतात आणि पायाखालचं दिसत नाही. पूर ओसरून पाण्याला हिरवट झाक आली की दिवस कामाचा. समुद्रातून नवा मासा, म्हणजे इथला स्टीलहेड, चढत्या पाण्याबरोबर आत येतो आणि पाणी उतरू लागलं की ठरावीक जागी थांबतो. त्याला फ्लाय (गळावर पिसं-दोरे गुंडाळून केलेला खोटा किडा) दिसावी इतपत पाणी निवळ हवं, पण आपण दिसू नये इतपत गढूळही हवं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं पाणी मोजणारं केंद्र बुल रन उपनदीच्या संगमाखाली आहे, त्याचा आलेख इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. आकड्यापेक्षा रेषेचा उतार बघा. दोन-तीन दिवस ती सावकाश खाली येत असेल, तर आमचा फोन बहुतेक "या" म्हणायलाच येईल.

काठावर पोचल्यावर आणखी एक सोपी खूण: गुडघाभर पाण्यात उभं राहून बुटांची टोकं दिसली तर काम सुरू करायचं. नाही दिसली तर मोठी, भडक गुलाबी किंवा नारिंगी फ्लाय लावून काठालगतचं संथ पाणी चाळायचं. पाणी फारच नितळ आणि कमी असेल तर लहान, काळी-निळी फ्लाय.

स्टीलहेडबद्दल

स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात आहे. नदीत जन्मून समुद्रात जाणारा आणि वाढून अंडी घालायला त्याच नदीत परतणारा तो स्टीलहेड. पॅसिफिकमधला सॅमन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेडमधले काही मात्र पुन्हा समुद्राकडे जातात आणि पुन्हा येतात. सँडीतले नैसर्गिक वाढीचे हिवाळी मासे जास्त करून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मिळतात, म्हणूनच आमचे हे दोन महिने गजबजलेले असतात.

नदीत आल्यावर तो फारसं खात नाही. त्यामुळे भुकेल्या माशाला आमिष दाखवण्याचा हा प्रकार नाही, त्याच्या नाकासमोरून काहीतरी सावकाश नेऊन त्याला डिवचायचं असतं. आपला रॉड लांब, दोन हातांनी चालवायचा. लाइनचं टोक बुडणारं. फ्लाय पलीकडे, तिरकी खालच्या अंगाला टाकायची, लाइन एकदा उचलून वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे प्रवाह तिला ओढून घाईने नेत नाही. मग काही करायचं नाही. फ्लाय धारेतून अर्धवर्तुळात आपल्या काठाकडे येते, खाली सरळ लटकते, तिथे मनात पाच अंक मोजायचे, लाइन गुंडाळायची, दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा तेच. माशासाठी जागा कोणती? सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाचं, कमरेपासून छातीइतकं खोल पाणी, तळाला मोठे धोंडे. डोहाच्या मध्यापेक्षा डोह संपून पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं ती शेवटची पट्टी आम्हाला जास्त आवडते.

ओढ जाणवली की रॉड झटकू नका. नव्या माणसाच्या हातून मासा सुटतो तो बहुतेक इथेच. माशाला फ्लाय घेऊन वळू द्या, रील फिरू लागली की मग रॉड काठाच्या बाजूला आडवा घ्या.

स्पष्ट सांगायचं तर दिवसभर राबूनही स्टीलहेड न लागणं अगदी नेहमीचं आहे. पाणी चांगलं असतानाही तसं होतं. ज्यांना मासा हातात हवाच आहे त्यांनी आम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगावं, त्यांच्यासाठी डेशूट्सचा ट्राउट बरा.

डेशूट्स: दुपारची नदी

मॉपिन गाव पोर्टलंडहून गाडीने साधारण दोन तासांवर, कॅस्केड डोंगररांगेच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. डेशूट्सला झऱ्यांचं पाणी भरपूर आणि वर धरणं, म्हणून सँडीला पूर असतानाही इथे पाणी बहुधा जागेवर असतं. अपवाद व्हाइट रिव्हरचा. ती माउंट हूडच्या हिमनदीची माती घेऊन मॉपिनच्या खाली डेशूट्सला मिळते आणि तिथून पुढचं पाणी गढूळ करते. अशा दिवशी आम्ही संगमाच्या वरच थांबतो. हा पट्टा ट्राउटसाठी वर्षभर खुला असतो, पण आमिष चालत नाही, आणि बोटीतून गळ टाकायला बंदी आहे. बोट फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी जायला, मासेमारी पाण्यात पाय ठेवून.

इथला रेडबँड ट्राउट अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेल्या दोन वितींच्या आसपासचा, पण अंगात जोर मोठा. थंड पाण्यात त्याची हालचाल मंदावते. पारा 4-5 अंश सेल्सियसच्या खाली असला की तो संथ पाण्यात तळाशी पडून राहतो आणि फ्लाय तोंडाशी आली तरच घेतो. उन्हाने पाणी एखाद-दोन अंशांनी चढलं की चित्र पालटतं. म्हणून ट्राउटच्या सहलीला आम्ही पहाटे उठवत नाही. 11 ते 3 ही कामाची वेळ. ढगाळ, दमट दुपारी ऑलिव्ह रंगाच्या बारीक माश्या पाण्यावर उतरतात आणि ट्राउट वर येऊन त्या टिपू लागतात. स्वच्छ उन्हाचा दिवस सहलीला छान, मासेमारीला ढग बरे. मार्चमध्ये काठच्या गवतात स्क्वाला नावाच्या मोठ्या माश्या रांगताना दिसतात, तेव्हा कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फ्लाय काढायची.

पाय कुठे ठेवाल

मार्चपासून ट्राउट आणि स्टीलहेड खड्यांत अंडी घालतात. मादी शेपटीने शेवाळलेले खडे उलटते, त्यामुळे आजूबाजूच्या काळपट तळात एक फिकट, धुतल्यासारखा लांबट पट्टा दिसतो. त्यावर पाय पडला की खालची अंडी चिरडतात. अशा पट्ट्यावर उभ्या असलेल्या माशावर आम्ही फ्लाय टाकू देत नाही, कितीही मोठा असला तरी. लोअर कोलंबियाचा स्टीलहेड 1998 पासून संघीय कायद्याने धोक्यात आलेला म्हणून संरक्षित आहे, आणि सँडीचा मासा त्यातच मोडतो. पाठीवर शेपटीजवळचा लहान मांसल पर शाबूत असेल तर मासा नैसर्गिक वाढीचा, तो सोडायचाच. पर कापलेला असेल तर हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला. आमचे गळ बिनकाट्याचे असतात. फोटोसाठी माशाचं पोट पाण्यातच ठेवायचं, हात आधी ओले करायचे आणि डोकं प्रवाहाकडे धरून तो स्वतः निघेपर्यंत थांबायचं.

परवाना आणि कपडे

12 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला ऑरेगॉनचा मासेमारी परवाना लागतो. भारतातून आलेल्या आई-बाबांनी नुसता एकदा रॉड हातात घेतला तरीही. स्टीलहेडसाठी सोबत टॅग (ठेवलेला मासा नोंदवायचं कार्ड) आणि कोलंबिया खोऱ्याचं एंडोर्समेंट (परवान्यावरची जादा मंजुरी) असतं. कोणत्या परवान्यात काय येतं ते घेताना वाचा, अडलं तर आम्हाला फोन करा. नियम वर्षागणिक, कधी हंगामाच्या मध्येही बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही ते पुन्हा तपासतो.

वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार), खिळ्यांचे बूट, कमरेचा पट्टा आणि काठी आम्ही देतो. पट्टा सैल बांधू नका. घसरून पडलात तर वेडर्समध्ये पाणी शिरण्यापासून तोच वाचवतो. आतून लोकरीचे किंवा सिंथेटिक थर घाला, जीन्स आणि सुती मोजे घरी ठेवा, कारण ओलं सुती कापड अंगातली ऊब काढून घेतं. एक कोरडा जोड गाडीत असू द्या. दुपारचं गरम जेवण आमच्याकडे, शाकाहारी असाल तर आधी कळवा.

पाण्यामुळे आम्ही तारीख बदलली तर त्याचे पैसे लागत नाहीत आणि नवी तारीख सोयीची नसेल तर पूर्ण रक्कम परत मिळते. तुमच्या बाजूने बदल असेल तर तीन दिवस आधी सांगा. आमचा फोन आदल्या दिवशी संध्याकाळी 6 नंतर येईल, तो घ्या.