गार किती मोठी, ते आधी बघा

एप्रिल-मेमध्ये बेळगावात दुपारी तीनच्या पुढं आभाळ काळंनिळं व्हायला लागलं की निम्मी गल्ली टेरेसवर असते, वाळत घातलेल्या कुरडया-मिरच्या गोळा करायला, आणि पोरं अंगणात, गारा पडणार म्हणून. गारा वेचून खायची मजा आपण सगळ्यांनीच केलीय (खाऊ नका, आत धूळ असते, पण कोण ऐकतंय). पण आता घरांवर नुसती कौलं राहिली नाहीत, सोलर आलंय, फायबरचे पत्रे आलेत, पार्किंगला पॉलिकार्बोनेटची शेड आणि तिच्याखाली हप्त्यावरची गाडी, त्यामुळं गारपीट म्हणजे अथणीकडच्या द्राक्षवाल्यांचं दुखणं, आपल्याला काय, असं म्हणून आता चालत नाही.

आता गारा वळवातच का पडतात? जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटीकडं धो-धो पाऊस असतो, तेव्हा का नाही? कारण गारेला पाण्यापेक्षा जास्त गरज असते ती खालनं वर जाणाऱ्या जोरदार वाऱ्याची. उन्हाळ्यात जमीन भाजून निघालेली असते, दुपारनंतर अरबी समुद्राकडची दमट हवा घाट चढून आत येते, आणि वरच्या थरात हवा कोरडी नि थंड असते. अशा वेळी खालची गरम दमट हवा एकदा सुटली की सरळ वर घुसते आणि ढग १२-१५ किलोमीटर उंच होतो. आपल्याकडं उन्हाळ्यात साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर तापमान शून्याला येतं, पण त्याच्या वरही पाण्याचे बारीक थेंब लगेच गोठत नाहीत, उणे २० झालं तरी पाणीच राहतात. त्यात एखादा बर्फाचा कण आला की हे थेंब त्याला आपटून तिथल्या तिथं गोठतात आणि कण फुगत जातो. वर जाणारा वारा जोवर त्याला पेलतो तोवर तो वाढतो, पेलेनासा झाला की खाली. पावसाळ्यात ढगात एवढा दम नसतो, बराचसा पाऊस खालच्या गरम थरातच तयार होतो, त्यामुळं गारांचा प्रश्नच येत नाही.

मोठी गार मिळाली तर सुरी गरम करून मधोमध कापून बघा, आत पांढरे आणि काचेसारखे थर दिसतात. शाळेत सांगायचे की गार ढगात दहा वेळा वरखाली करते आणि दर फेरीला एक थर चढतो. आता शास्त्रज्ञ तसं मानत नाहीत, बहुतेक गारांची मुख्य फेरी एकच असते. ज्या भागात पाणी भरपूर तिथं ते सावकाश गोठतं, हवेचे बुडबुडे निघून जातात, थर पारदर्शक होतो. पाणी कमी तिथं झटक्यात गोठतं, हवा आत अडकते, थर पांढरा होतो.

घरमालकानं लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे गारेचा आकार. आकार दुप्पट झाला की वजन आठपट होतं, आणि मोठी गार जोरातही पडते, त्यामुळं आपटायची ताकद जवळजवळ सोळापट होते. अडीच सेंटिमीटरची गार सात-साडेसात ग्रॅमची, ताशी ४० ते ६५ किलोमीटरनं येते. पाच सेंटिमीटरची साठ ग्रॅमच्या आसपास, आणि तिचा वेग ताशी १०० च्या पुढंही जाऊ शकतो. म्हणून 'गारा पडल्या' एवढं सांगून काही कळत नाही, हरभऱ्याएवढ्या की लिंबाएवढ्या ते सांगा. सोपं माप म्हणजे दहा रुपयाचं नाणं, ते २७ मिलिमीटरचं असतं.

हेच माप सोलरला उपयोगी पडतं. पॅनलची जी आंतरराष्ट्रीय चाचणी असते तिच्यात २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगानं, म्हणजे ताशी ८० च्या वर, काचेवर ११ ठिकाणी मारतात. म्हणजे नाण्यापेक्षा लहान गारांनी चांगलं पॅनल सहसा फुटत नाही, त्यापेक्षा मोठ्या पडल्या तर काच शाबूत दिसली तरी आतल्या सेलला बारीक तडे गेलेले असू शकतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, त्यामुळं पुढचे आठ-दहा दिवस इन्व्हर्टरच्या ॲपवर युनिट कमी झालेत का बघत राहा. पाणी तापवायच्या सोलरच्या काचनळ्या मात्र जास्त नाजूक, एक फुटली की टाकीतलं पाणी तिथनं वाहून जातं.

छपरांत सगळ्यात धोक्याचा जुना सिमेंटचा पत्रा. उन्हापावसानं तो वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातो, आणि गारेनं तडा गेला तर खालनं पटकन कळतही नाही. बघायला म्हणून त्याच्यावर पाय ठेवून चढू नका, गारेनं मोडला नाही तो माणसाच्या वजनानं मोडतो. लोखंडी पत्रा वाजतो फार, पोचे पडतात, पण टिकतो. मंगळुरी कौलं धड असली तर बारीक गारांना दाद देत नाहीत, आधीच चिरलेलं कौल मात्र जातं, म्हणून वळवाआधी एकदा कौलं चाळून घ्यावीत, तेही आता चाळणारी माणसं मिळाली तर.

खरं सांगायचं तर आपल्याकडं बऱ्याच घरांत नुकसान फुटण्यानं होत नाही, तुंबण्यानं होतं. गारा आंब्या-फणसाच्या पानांच्या चिंधड्या करतात, त्या पाण्याबरोबर टेरेसच्या जाळीवर येतात, वर गारांचा थर बसतो आणि पाईप बंद. अर्ध्या तासात चार बोटं पाणी, आणि ते जिन्याच्या दारातनं घरात. जाळी साफ करणं पाच मिनिटांचं काम, पण ते मेच्या शेवटी करतात, मिरगाच्या आधी म्हणून, आणि वळीव आलेला असतो एप्रिलमध्ये. तसंच ताडपत्रीचं. पावसाळ्याची झड पश्चिमेकडनं येते म्हणून आपण त्या बाजूला पत्रे, ताडपत्री लावतो. वळवाचा वारा ढग जिकडं असेल तिकडनं सुटतो, त्यामुळं गारा पूर्वेच्या खिडकीच्या काचाही फोडतात.

गारांचा पट्टा कधी कधी दोन-चार किलोमीटर रुंदीचाच असतो. शहापुरात रस्ता पांढरा आणि हिंडलग्यात धूळ, असं होऊ शकतं. पर्जन्यमापकात गार वितळून नुसतं पाणी दिसतं, त्यामुळं तुमच्या गल्लीचा गारांचा हिशोब कुणाकडं तयार मिळत नाही, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलेलं बरं. इशारा मात्र मिळतो. हवामान खातं जिल्ह्यावार पुढच्या तीन तासांचा अंदाज देतं, आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. गारा आणि विजा एकाच ढगातनं येत असल्यामुळं ढग गडगडायला लागल्यावर टेरेसवरची जाळी साफ करायला जाऊ नका, गेली कुरडई तर जाऊ दे.

पैशाचं बोलायचं तर गाडीचा फुल इन्शुरन्स असेल तर त्यात गारपीट नाव घेऊन लिहिलेली असते, नुसत्या थर्ड पार्टीत काही मिळत नाही. घराच्या पॉलिसीत वादळ असतं, पण गारांनी फुटलेलं सोलर आणि शेड त्यात धरलंय का हे एजंटकडनं आधीच लेखी घ्या, तोंडी 'सगळं कव्हर आहे ओ' ऐकून गप्प बसू नका. विमा नसला तरी गारपीट ही सरकारी मदतीच्या आपत्तींच्या यादीत आहे, त्यासाठी तलाठ्याकडनं पंचनामा लागतो. गारा तासाभरात विरघळतात, म्हणून पाऊस थांबला की पहिल्यांदा नाणं शेजारी ठेवून गारेचा फोटो, मग छपराचा, मग आत गळतंय तिथला. फुटलेले तुकडे पंचनामा होईपर्यंत झाडून टाकू नका.