आरंभीचे बायझंटिन चर्च : रचना व मांडणी

पाचव्या-सहाव्या शतकांतील कॉन्स्टँटिनोपलच्या (बायझंटिन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी, आजचे इस्तंबूल) चर्चची मांडणी उपासनेतील मिरवणुकीने ठरवली. धर्मगुरू आणि लोक अंगणात जमत व एकदमच आत शिरत, म्हणून या इमारतींना दारे भरपूर. पश्चिमेला अंगण, मग आडवी देवडी (नार्थेक्स), खांबांच्या रांगांनी विभागलेले मध्यदालन व बाजूची दालने, आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार कोनाडा (ॲप्स), असा हा क्रम. पाचव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या स्टूडिओस मठाच्या चर्चमध्ये तो आजही अवशेषांत ओळखू येतो. तेथील दालन लांबट नसून जवळजवळ चौरस आहे.

ॲप्समध्ये धर्मगुरूंसाठी पायऱ्यांची बैठक (सिंथ्रोनॉन), तिच्यापुढे वेदी आणि वेदीभोवती खांब व संगमरवरी फळ्यांचा बुटका कठडा असे. आज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वेदी झाकणारी धर्मचित्रांची भिंत दिसते, ती पुष्कळ नंतरची. तेव्हा वेदी लोकांना दिसे. वाचनाचा उंच ओटा (ॲम्बो) मध्यदालनातच असे. कठड्यांनी आखलेली अरुंद वाट त्याला वेदीशी जोडी.

चौरसावर घुमट बसवणे हा खरा अवघड भाग. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मोठ्या चर्चमध्ये (५३२–५३७) अँथेमियस व इसिडोरस या वास्तुकारांनी चार भक्कम खांबांवर चार कमानी उभारल्या आणि कोपऱ्यांतली जागा पेंडेंटिव्ह या अंतर्वक्र त्रिकोणांनी भरून सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट पेलला. घुमटाचा बाहेरचा रेटा पूर्व-पश्चिमेस अर्धघुमट झेलतात. उत्तर-दक्षिणेस ते नाहीत. त्यात घाईही नडली. विटांइतक्याच जाड चुन्याच्या थरांना घट्ट व्हायला वेळच मिळाला नाही, आणि काम चालू असतानाच खांब बाहेर कलले. पहिला घुमट बेताच्या उंचीचा होता. उथळ घुमटाचा आडवा रेटा अधिक असतो. ५५७ च्या भूकंपाने तो खिळखिळा झाला आणि ५५८ मध्ये कोसळला.

त्याच नावाच्या पुढच्या पिढीतील वास्तुकाराने, धाकट्या इसिडोरसने, ५६२ पर्यंत तो सुमारे सहा मीटरने उंच करून पुन्हा बांधला. ही दुरुस्ती नेमकी होती, कारण उंची वाढल्याने रेटा घटला. तरी दहाव्या शतकात पश्चिमेचा आणि चौदाव्या शतकात पूर्वेचा भाग पडला. उत्तर व दक्षिण बाजूंचे बांधकाम मात्र ५६२ चेच आहे.