मागून घेतलेले धैर्य: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 4 ची पार्श्वभूमी

येशूविषयी साक्ष देताना भीती वाटते असे कोणी म्हटले, की मंडळीत हमखास येशूचा शिष्य पेत्र याचे उदाहरण दिले जाते. आधी घाबरला, मग पवित्र आत्मा उतरला आणि तो निर्भयपणे बोलू लागला. हे खरेच आहे, पण एवढ्यावरच थांबले तर ऐकणारा उलटा खचतो. आपण विश्वासात असूनही ऐन वेळी शब्द फुटत नाही, म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, असे त्याला वाटते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात लूकने लिहिलेला क्रम मात्र वेगळा आहे. पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या दिवशी हजारोंपुढे बोलून झाल्यानंतरही त्याच पेत्राला आणि त्याच्या सोबत्यांना धैर्य पुन्हा मागावे लागले. ती मागणी अध्याय 4, वचने 24 ते 30 मध्ये आहे.

प्रसंगाचे वजन कळायला आधीची दोन ठिकाणे पाहावी लागतात. येशूला पकडले त्या वल्हांडण सणाच्या रात्री पेत्राने येशूला नाकारले ते महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात. थंडी होती, चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता आणि पेत्र त्यांच्यातच उभा राहून शेकत होता. त्याला पहिल्यांदा हटकले ते एका दासीने. तिच्या हाती कसलाच अधिकार नव्हता, तरी तो ढासळला. आत येशूची चौकशी चालली होती ती हन्नापुढे. हन्ना इ.स. 6 ते 15 महायाजक होता. रोमी सुभेदाराने त्याला काढले, पण पद घरातून गेले नाही. त्याचे पाच मुलगे वेगवेगळ्या वेळी महायाजक झाले आणि जावई कयफा 18 ते 36 पर्यंत त्या जागी होता.

दुसरे ठिकाण न्यायसभा, म्हणजे यहुद्यांची सर्वोच्च सभा. दुपारी तीनच्या प्रार्थनेला जाताना पेत्र आणि योहान यांनी मंदिराच्या दरवाजाशी बसलेल्या जन्मपांगळ्याला येशूच्या नावाने उठवले. त्याचे वय चाळीसच्या वर होते. लोक धावत शलमोनाच्या देवडीत जमले, पेत्र बोलू लागला आणि मंदिराचा सरदार व सदूकी यांनी दोघांना धरले. संध्याकाळ झाल्यामुळे रात्रभर कोठडीत ठेवले. सदूकी मेलेल्यांचे पुनरुत्थान मानत नसत, आणि मंदिराचा कारभार त्यांच्याच गटाकडे होता. रोमी सुभेदार पिलाताने वधस्तंभावर दिलेला माणूस जिवंत आहे असे मंदिराच्याच आवारात गर्दीपुढे सांगितले जात होते. त्यांच्या शिकवणीला आणि रोमशी सांभाळलेल्या संबंधांना, दोहोंनाही त्यामुळे धक्का बसत होता.

सकाळी न्यायसभा बसली. यहुदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथात सभासद खळ्याच्या अर्ध्या वर्तुळासारखे बसत, म्हणजे सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसत, असे वर्णन आहे. आरोपीला मध्ये उभे करत. समोर हन्ना आणि कयफाच होते. ज्या घराच्या अंगणात दासीपुढे जीभ अडखळली, त्या घराच्या धन्यांपुढे आता उत्तर द्यायचे होते. पेत्राने दिले. बरा झालेला माणूस शेजारीच उभा असल्याने सभेला काही बोलता येईना. म्हणून फक्त ताकीद दिली: या नावाने कोणाशी बोलायचे नाही.

ही ताकीद नुसती दटावणी नव्हती. तिच्यामुळे पुढच्या वेळी ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणण्याची वाट बंद झाली. अध्याय 5 मध्ये दुसऱ्यांदा पकडल्यावर महायाजकाने पहिल्याच वाक्यात ताकिदीची आठवण करून दिली. त्या वेळी सभेतला शास्त्री गमलिएल याच्या सल्ल्याने जीव वाचला, तरी फटके बसलेच. नियमशास्त्राची मर्यादा चाळीस फटक्यांची, आणि चुकून ती ओलांडू नये म्हणून एकोणचाळीसवर थांबत. पुढे प्रेषित पौलाने असा मार पाच वेळा खाल्ला.

ताकीद घेऊन दोघे सुटले आणि थेट आपल्या लोकांत गेले. जे घडले ते जसेच्या तसे सांगितले, मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. तिची बांधणी नीट बघण्यासारखी आहे. सुरुवात भीतीपासून होत नाही, तर आकाश, पृथ्वी आणि समुद्र निर्माण करणाऱ्या स्वामीपासून होते. मग दुसरे स्तोत्र येते: राजे आणि अधिकारी परमेश्वराविरुद्ध एकत्र जमले. त्या जुन्या शब्दांत ते आपल्या शहरातली नावे बसवतात: हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय (यहुदी नसलेले), इस्राएलचे लोक. हे सगळे देवाच्या हाताबाहेर गेले नव्हते, हे मान्य करतात. इथपर्यंत मागणी एकही नाही. ती शेवटच्या दोन वचनांत येते: धमक्यांकडे पाहा, वचन सांगायला धैर्य दे, बरे करायला हात पुढे कर. धमक्या थांबव असे कुठेही नाही.

प्रार्थनासभांत गडबड होते ती इथेच. संकट टळू दे एवढेच मागितले जाते आणि बोलण्याचे धैर्य मागायचे राहून जाते. दुसरी चूक म्हणजे एकट्यानेच झुंजत बसणे; कृत्यांतली मागणी सगळ्यांची मिळून आहे. तिसरी म्हणजे धैर्याला अविचार समजणे. हेरोद अग्रिप्पाच्या तुरुंगातून, सोळा शिपायांच्या पहाऱ्यातून सुटल्यावर पेत्र शहाणपणाने दुसरीकडे निघून गेला, आणि दिमिष्कात पौल टोपलीत बसून तटावरून खाली उतरला.

भीतीही पुन्हा आलीच. अंत्युखियात यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आल्यावर पेत्र त्यांना भिऊन परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला, आणि पौलाचा सोबती बर्णबाही त्याच्यामागे गेला. गलतीकरांस लिहिताना पौलाने हे लपवले नाही. करिंथला आपण भीत भीत, थरथरत आलो, असे तो स्वतःबद्दलही लिहितो. इफिसकरांस पत्रात तो बेड्यांतून विनंती करतो ती सुटकेसाठी प्रार्थना करा अशी नाही; मला उघडपणे बोलता यावे म्हणून करा, अशी आहे.

पुढे प्रश्न आला तो भीतीपुढे हरलेल्यांचा. इ.स. 249 अखेर रोमी सम्राट डेसियसने सर्वांना देवतांपुढे बली देण्याची सक्ती केली. दिल्यावर दाखला मिळे; इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती घाबरले. कोणी बली दिला, कोणी पैसे देऊन नुसता दाखला घेतला. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः लपून राहिला आणि त्यासाठी त्याला बोल लागला. 258 मध्ये मात्र त्याने उघड कबुली देऊन मरण पत्करले. त्याआधी 251 मध्ये त्याने भरवलेल्या बिशपांच्या सभेने दाखलेवाल्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यायचे ठरवले. बली दिलेल्यांना पश्चात्तापाची लांब मुदत लावली. वर्ष-दोन वर्षांत नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा त्याच बिशपांनी मुदत मोडून सर्व पश्चात्तापी लोकांना प्रभुभोजनाला घेतले. कारण पत्रात नोंदवले: ज्यांना पुन्हा ख्रिस्ताचे नाव कबूल करायला उभे राहायचे आहे, त्यांना शस्त्राविना पाठवता येणार नाही.