१८० ग्रॅमची रेकॉर्ड म्हणजे भारी आवाज? नाही ओ

जॅझ ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या 'द साइडवाइंडर'सारखा ट्रम्पेटचा अल्बम १८० ग्रॅमच्या विनाइल रेकॉर्डवर आला की लगेच सुरू होतं, जाड रेकॉर्ड म्हणजे खोल ग्रूव्ह (सुई जिच्यातून फिरते ती खाच) आणि खोल ग्रूव्ह म्हणजे भारी आवाज. अहो, ग्रूव्ह आधी लॅकरवर, म्हणजे मऊ लेप दिलेल्या मूळ तबकडीवर कापला जातो, त्यावरून स्टॅम्पर, म्हणजे धातूचा साचा बनतो आणि तोच ठसा विनाइलवर उमटतो, मग विनाइल १४० ग्रॅमचं असो नाहीतर १८० चं, ग्रूव्ह तोच! जाड रेकॉर्ड वाकत कमी असेल फारतर.

आवाज ठरतो टेप, कटिंग आणि प्रेसिंगवर. 'द साइडवाइंडर'चं रेकॉर्डिंग डिसेंबर १९६३ चं, साउंड इंजिनिअर रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओतलं. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीच्या टोन पोएट या पुनर्प्रकाशन सिरीजचं कटिंग इंजिनिअर केविन ग्रे मूळ अॅनालॉग टेपवरून करतो, म्हणून ती गाजली. तेव्हा वजनाचं स्टिकर सोडा, लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत लॅकर कापणाऱ्याची सही बघा.