नागपूर जिल्हा बँकेचा रोखे घोटाळा

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा २००२ मध्ये उघडकीस आला. तेव्हा बँकेचे अध्यक्ष होते सुनील केदार, सावनेरमधून अनेकदा आमदार झालेले, पुढे २०१९ ते २०२२ राज्यात पशुसंवर्धन मंत्रीपण झाले.

आता जिल्हा बँक म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण त्याशिवाय यातलं दुखणं कळत नाही. काटोल-नरखेडचा संत्रावाला असो की भिवापूरचा मिरचीवाला, खरिपाचं पीककर्ज त्याला गावच्या सेवा सहकारी सोसायटीतून मिळतं आणि सोसायटीला पैसा येतो जिल्हा बँकेतून. म्हणजे ही बँक बसली की गावात बियाण्याला पैसे नसतात आणि माणूस सरळ सावकाराच्या दारात जातो.

बँकेला आपला काही पैसा सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाच्या कागदांत, ठेवावाच लागतो, त्यात चूक काहीच नाही. पण इथं होम ट्रेडसारख्या खासगी दलाल कंपन्यांना शंभर कोटींच्या वर रक्कम देऊन टाकली, आणि रोखे काही बँकेच्या हातात आलेच नाहीत, पैसेही परत आले नाहीत! होम ट्रेडच्या जाहिरातीत तेव्हा सचिन, शाहरुख दिसायचे, नाव मोठं होतं. पण रोखे हातात नसताना पैसे सोडायचे नाहीत, एवढं तर साध्या कॅशियरलाही कळतं.

केस कोर्टात २० वर्षांहून जास्त चालली. २२ डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या कोर्टानं केदारांसह ६ जणांना दोषी धरलं, ५ वर्षं कैद आणि साडेबारा लाख दंड. तिघं निर्दोष सुटले. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार आमदारकी जाते, तशी केदारांची गेली. आधी अपील केलं की पद वाचायचं, ती सवलत सुप्रीम कोर्टानं २०१३ च्या लिली थॉमस निकालात काढून टाकली. जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टानं त्यांना जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही म्हणून २०२४ ची विधानसभा ते लढू शकले नाहीत, सावनेरात पत्नी उभ्या राहिल्या आणि हरल्या.

आणि लक्षात घ्या, शिक्षा म्हणजे वसुली नाही. बुडालेला पैसा कोणाकडून किती घ्यायचा हे सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली वेगळं ठरतं, ती चौकशीही वर्षानुवर्षं रेंगाळली, आणि तोवर ज्या शेतकऱ्यांच्या ठेवी अडकल्या त्यातले कितीतरी म्हातारे झाले.