मालक एक, चालक दुसरे: न्हावा-शेव्याची पार्श्वभूमी

वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झालं. ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पात ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. सरकारला एवढा भरवसा कशाचा आणि मच्छीमारांना एवढी धास्ती कशाची, हे समजायला याच प्राधिकरणाच्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात जावं लागतं.

मुंबईच्या गोदीतला प्रिन्सेस डॉक १८८०चा, व्हिक्टोरिया १८८८चा, अलेक्झांड्रा १९१४चा. हे सगळं गोणी, गाठी आणि खोकी पाठीवर वाहणाऱ्या माणसांच्या हिशेबाने बांधलेलं. १९५६ मध्ये 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ बंद पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं आणि बंदराची गरजच बदलली. कंटेनरला गोदामापेक्षा धक्क्यामागचं मोकळं, सपाट मैदान जास्त लागतं. मुंबईच्या धक्क्यामागे शहर होतं. मग पलीकडच्या तीरावर जागा शोधली गेली.

ती जागा रिकामी नव्हती. नवी मुंबईसाठी चाललेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचं पुनर्वसन उरणला झालं. तिथल्या घरांना वाळवी लागली आणि नव्या जागेसाठीचा झगडा पुढच्या पिढीकडे गेला.

बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. खरी कलाटणी मात्र १९९७ची. ६०० मीटरचा धक्का बांधून तीस वर्षं चालवण्याचा करार 'पी अँड ओ' या परदेशी बंदर-चालक कंपनीच्या गटाशी झाला आणि १९९९ मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल उभं राहिलं. २००६ मध्ये मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या गटाचं टर्मिनल आलं, नंतर सिंगापूरच्या 'पीएसए'चं. एकाच खाडीत तीन-चार चालक आले, तेव्हा जहाज कंपनीला पर्याय मिळाला. माझ्या मते क्रेनचा वेग वाढला तो यंत्रांइतकाच या चुरशीमुळे.

दरांचा कारभार मात्र विचित्र होता. १९९७ मध्येच नेमलेलं दर प्राधिकरण, म्हणजे 'टॅम्प', खर्चावर ठरावीक परतावा जोडून चालकाचे दर बांधून देई. पेट्या वाढल्या की प्रत्येक पेटीमागचा खर्च घटे, म्हणून दरही खाली. इकडे चालकाने बंदराला द्यायची रॉयल्टी वर्षागणिक चढती. चांगलं काम करणाऱ्याचाच खिसा कापला जायचा! २०२१च्या महापत्तन (म्हणजे मोठी बंदरं) प्राधिकरण कायद्याने ही व्यवस्था मोडीत निघाली. २०२२ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने आपलं स्वतःचं टर्मिनलही खासगी चालकाला दिलं. घर भाड्याने देऊन ओसरीवर बसलेल्या मालकासारखं ते आता जमीन आणि पाणी सांभाळतं. २०२४-२५ मध्ये इथे सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी पेटीच्या मापाने, हाताळणी झाली.

पेटी धक्क्यावरून झटपट उतरते, मग ट्रेलरच्या रांगेत अडकते. तो वेळ क्रेनच्या आकड्यांत दिसत नाही.

वाढवणचा प्रस्तावही नवा नाही. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तो १९९८ मध्ये फेटाळला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली.