संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतोय? आधी तो कुठून येतोय ते बघा

संत्र्याच्या खोडावर डिंकाचे थेंब दिसले की बरेच जण ते पुसतात, वरून एखादं बुरशीनाशक मारतात आणि मोकळे होतात. पण डिंक म्हणजे रोग नव्हेच, झाडाला जखम झाली किंवा सालीत कोणी शिरलं की झाड तो सोडतं.

म्हणून बुंध्यापाशी बसा. छिद्र आहे आणि खाली भुसा पडलाय, तर आत खोडकिडा. सालीवर भुसा-विष्ठेची जाळी दिसली तर साल खाणारी अळी, ही दिवसा छिद्रात लपते आणि रात्री साल कुरतडते. वखर किंवा ट्रॅक्टर लागल्याची खूण तर लगेच कळते.

यातलं काहीच नाही आणि डिंक जमिनीलगत कलमाच्या जोडापाशी येतोय, तर डिंक्या रोगच धरा. वरूड-मोर्शीकडच्या भारी काळ्या जमिनीत हा फार छळतो. याचं कारण फायटोफ्थोरा, आपण त्याला बुरशी म्हणतो पण नात्याने तो शेवाळाच्या जवळचा, त्याच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते चक्क पाण्यात पोहतात, म्हणजे बुंध्याशी पाणी तुंबलं की आपणच त्यांना रस्ता करून देतो. हा डिंक पाण्यात विरघळतो, जोराच्या पावसात धुऊन जातो, त्यामुळे उघडीप झाली की परत एकदा बघा.

खात्रीसाठी स्वच्छ चाकूने साल थोडी खरवडा. आत पांढरट-हिरवट ओलसर असेल तर चांगलं, तपकिरी कुजकट असेल तर रोग. पानांनी बनवलेली साखर सालीतूनच मुळांकडे जाते, त्यामुळे कूज बुंध्याभोवती पूर्ण फिरली की मुळं उपाशी मरतात. अशा झाडाला मरण्याआधी कधीकधी भरभरून बहर येतो, आपण खूश होतो आणि पुढच्या वर्षी झाड वाळलेलं, हे बघून खरंच जीव तुटतो.

कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत काढा आणि बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना ५ लिटरमध्ये, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत, मग दोन्ही एकत्र. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, जमिनीपासून ३ फुटांपर्यंत.

आणि कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर ती माती आजच ओढून काढा, पाणीही डबल रिंग करून, म्हणजे बुंध्याभोवती एकाबाहेर एक अशी दोन गोल आळी करून, बाहेरच्या आळ्यातच सोडा, बुंधा कोरडा राहू द्या.